नम्रतेचं प्रवचन नेमकं कोणाला?

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चांमध्ये, नम्रतेवर प्रवचनं भरपूर होतात, पण माझं म्हणणं असं आहे की त्यातली बरीचशी चुकीच्या माणसांना ऐकवली जातात. वार्षिक सभेत हिशोब मागणाऱ्या तरुण पोराला सांगतात, बाळा जरा नम्र हो, वडीलधाऱ्यांना असं विचारत नाहीत. सासरी मारहाण होते म्हणून पाळकसाहेबांकडे रडत आलेल्या मुलीला सांगतात, सोसून घे बाई, प्रभूनेही सोसलं. दोन महिन्यांचा पगार थकला म्हणून तोंड उघडणाऱ्या चर्चच्या वॉचमनला सांगतात, सेवा समजून कर, प्रतिफळ वर आहे. आणि ज्यांच्या हातात किल्ल्या आहेत, चेकबुक आहे, माइक आहे, त्यांच्यासमोर बसून कोणी हेच वचन उघडून वाचतंय असं मी तरी फार कमी वेळा पाहिलंय.

मंडळीवर माझा जीव आहे म्हणून हे लिहितेय. संडे स्कूलमध्ये पाठ केलेली वचनं अजून तोंडावर आहेत, आणि ती वचनं नीट वाचली की लक्षात येतं की नम्रतेचा सगळा प्रवाह बायबलमध्ये एकाच दिशेने आहे, ज्याच्याकडे काहीतरी आहे तो खाली उतरतो. ज्याला आधीच खाली दाबलंय त्याला अजून खाली ढकलणं ह्याला नम्रता शिकवणं म्हणत नाहीत.

बायबलमधलं प्रेषित पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र घ्या. फिलिप्पै ही रोमी वसाहत, निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेलं गाव, तिथे कोणाला कुठला हुद्दा मिळाला, कुठला मान मिळाला हे लोक दगडावर कोरून ठेवायचे. अशा गावातल्या मंडळीला पौल तुरुंगातून लिहितोय की ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असूनही तो मान त्याने धरून ठेवला नाही, स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं, आणि मरण पत्करलं तेही वधस्तंभावरचं, जे त्या काळी गुलामांना आणि बंडखोरांना द्यायचे, रोमी नागरिकाला सहसा नाही. मानापमान जपणाऱ्या लोकांना सांगितलेली गोष्ट आहे ही. योहानाच्या तेराव्या अध्यायातही बघा, पाय धुण्याच्या आधी एक ओळ आहे जी आपण घाईत वाचून पुढे जातो, की पित्याने सगळं काही आपल्या हाती दिलंय हे येशूला माहीत होतं, आणि हे माहीत असताना तो जेवणावरून उठला, वरचं वस्त्र काढून ठेवलं, रुमाल कमरेला बांधला आणि भांड्यात पाणी ओतलं. म्हणजे सगळं हातात असलेला माणूस गुलामाचं काम करायला बसला. हातात काहीच नसलेल्याला त्याने कधी म्हटलं नाही की तू अजून वाक. उलट लूकच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षं कंबर वाकलेली एक बाई आहे, तिला तर शब्बाथ दिवशी, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, भर सभास्थानात, सभास्थानाच्या अधिकाऱ्याचा राग ओढवून घेऊन त्याने सरळ उभं केलं.

ह्या बाईची गोष्ट आपल्या लोकांना तरी विसरता यायला नको. अमेरिकन मिशनरी १८१३ ला मुंबईत आले, १८३१ ला अहमदनगरला ठाणं झालं, आणि पुढच्या शंभर वर्षांत नगर, राहुरी, वडाळा, शेवगाव, जालना, सोलापूर ह्या पट्ट्यात जे ख्रिस्ती झाले त्यातले बहुतेक महारवाड्यातले आणि मांगवाड्यातले होते. ब्राह्मण घरातून आलेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, लेखक बाबा पदमनजींसारखे वरच्या मानल्या गेलेल्या जातीतून आलेले, ह्यांची नावं पुस्तकात आली, ती यायलाच हवीत, पण मंडळ्या भरल्या त्या गावकुसाबाहेरच्या माणसांनी. आपल्यातल्या कित्येकांचे पणजोबा पाटलाच्या ओट्याखाली उभे राहून बोलायचे, आणि चर्चमध्ये त्यांना पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं की तू देवाच्या प्रतिमेचा आहेस, ये, बस, अक्षर शीक. त्यांच्यासाठी विश्वास म्हणजे सरळ उभं राहणं होतं. त्यांची पोरं आज सरकारदरबारी अजून भोगतायत, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती आधी फक्त हिंदूंना, मग १९५६ ला शिखांना आणि १९९० ला बौद्धांना दिल्या, दलित ख्रिस्ती बाहेरच राहिला. अशा माणसाला चर्चच्या आत पण खालच्या बाकावर बसवून नम्रता शिकवायची म्हणजे काय करतोय आपण, ह्याचा विचार व्हायला पाहिजे. आपल्यात जात नाही असं आपण लग्नाच्या बैठकीत ठासून म्हणतो आणि पुढच्याच वाक्यात विचारतो, पण तुम्ही मूळचे कुठले, आडनाव आधी काय होतं.

आता कोणी म्हणेल की मग ताठ राहायचं का, भांडायचं का, नम्रतेचं काय. त्याला माझं उत्तर पंडिता रमाबाई आहेत, आणि त्यांचं उदाहरण आपण नेहमी अर्धंच सांगतो म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

रमाबाईंचा बाप्तिस्मा सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला, तिथल्या सिस्टर्सच्या मठात त्या राहत होत्या, परक्या देशात, विधवा, पदरात लहान मनोरमा, आणि खर्चासाठी बराचसा भार त्या सिस्टर्सवरच. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या होत्या तेव्हा इंग्लिश तरुणांना संस्कृत शिकवायचा विषय निघाला, आणि मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांसकट मोठमोठ्या लोकांनी आक्षेप घेतला की बाईमाणसाने पुरुषांना शिकवणं बरं दिसत नाही, हिंदुस्थानात परत गेल्यावर लोक काय म्हणतील. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता, त्यांनी पण समजावलं, की आज्ञाधारक हो, गर्व सोड. थोडक्यात काय, तर नम्र हो. आणि रमाबाईंनी १८८५ च्या मे महिन्यात उत्तर लिहिलं, त्याचा आशय असा की आमच्या देशातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता तसंच दुसरं जोखड, कोणी देवाच्या नावाने आणून दिलं म्हणून, मानेवर घ्यायची माझी तयारी नाही.

हे पत्र लिहिणारी बाई गर्विष्ठ होती असं त्यांच्यातल्या काहींना वाटलं. पण हीच बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः फिरली, उपासमारीने हाडं वर आलेल्या, अंगावर धड कपडा नसलेल्या मुली गोळा करून आणल्या आणि पुण्याजवळ केडगावच्या माळावर त्यांच्यासाठी ‘मुक्ती’ हे घर उभं केलं. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला सरस्वती म्हटलं ती बाई त्या मुलींमध्ये राहिली, वयाच्या उतारावर हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणत बसली, ते पण अशा मराठीत की गावातल्या साध्या बाईला कळावं, आणि त्याचे छपाईचे खिळे जुळवले, छापलं ते मुक्तीतल्या बायकांनीच. पोटची मुलगी मनोरमा १९२१ ला गेली, वर्ष व्हायच्या आत १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. बिशपांपुढे न वाकलेली मान आणि दुष्काळातल्या पोरीपुढे वाकलेली पाठ ही एकाच बाईची आहे. आपल्याकडे मात्र प्रवचनात फक्त केडगाव येतं, इंग्लंडमधलं पत्र कोणी काढत नाही, कारण ते काढलं तर कोणीतरी उठून कमिटीलाही पत्र लिहील.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं आहे, जामखेडचं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉक्टर, नंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकून आलेले, १९७० ला जामखेडसारख्या दुष्काळी तालुक्यात येऊन बसले. हे सगळे सांगतात. त्यागाची गोष्ट म्हणून आपल्याला ती आवडते, एवढे शिकलेले आणि खेड्यात गेले. पण खरी अवघड गोष्ट त्यांनी पुढे केली असं मला वाटतं. सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्सेस गावात ठेवून बघितल्या, ते जमलं नाही, बाहेरून आलेल्या पोरीवर गावातल्या बायका विश्वास टाकेनात. मग गावातल्याच माणसांचं ऐकून त्यांनी ठरवलं की गावाने आपली एक बाई निवडावी आणि आम्ही तिला शिकवू. त्यातल्या कित्येक बायका निरक्षर, कित्येक दलित, कोणी नवऱ्याने टाकलेली. त्या जामखेडला यायच्या, वेगवेगळ्या जातीच्या बायका एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या, आणि शिकून जायच्या, बाळंतपण कसं करायचं, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, गरोदर बाईच्या पायावर सूज आली तर काय समजायचं.

डॉक्टरकीतली ताकद असते ती माहितीत. मला माहितेय आणि तुला माहीत नाही, म्हणून तू माझ्या दारात रांग लाव. ही ताकद आरोळे डॉक्टरांनी मुद्दाम वाटून टाकली. जी गोष्ट निरक्षर बाई करू शकते ती डॉक्टरने अडवून ठेवायची नाही असं ठरवलं. त्या भागातलं बालमृत्यूचं प्रमाण सुरुवातीला हजारी दीडशेच्या वर होतं आणि पुढच्या दोन दशकांत ते कित्येक पटींनी खाली आलं, ते मुख्यतः ह्या बायकांच्या हातून. १९७९ ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा तो दोघांच्या नावावर आला, पण गावात लोक डॉक्टरांपेक्षा आपल्या आरोग्यसेविकेचं नाव आधी घ्यायचे आणि डॉक्टरांना तेच पाहिजे होतं. आपल्या चर्चमध्ये, आपल्या संस्थेत, आपल्या घरात असं काय आहे जे आपण अडवून ठेवलंय, हा प्रश्न जामखेड विचारतं. नुसतं साधे कपडे घालून, हळू आवाजात बोलून त्याचं उत्तर होत नाही.

घरचा विषय निघाला म्हणून घराकडेच येते, कारण रोजच्या जगण्यात विश्वास दिसायचा तो तिथेच.

डिसेंबरचा तिसरा आठवडा आला की आपल्या घराघरात नाताळच्या फराळाचा घाट असतो. करंज्या, चकल्या, अनारसे, रव्याचे लाडू, स्टोव्हपाशी एकजण, पोळपाटापाशी दोघी. कामाला येणाऱ्या ताई पण त्या दिवशी जास्तीचा वेळ थांबतात, आपल्या शेजारी मांडी घालून करंज्या लाटतात, सारण भरतात, कातण फिरवतात, आपल्यापेक्षा त्यांचीच करंजी जास्त सुबक होते हे आपण कौतुकाने सांगतोही. आणि चारला चहा होतो तेव्हा आपला चहा कपात आणि त्यांचा स्टीलच्या पेल्यात, जो पेला ओट्याच्या कडेला, खिडकीपाशी, बाकीच्या भांड्यांपासून वेगळा पालथा घातलेला असतो. सगळ्या घरांत असं आहे असं मी म्हणत नाही, पण बऱ्याच घरांत आहे, आणि ज्यांच्या आजोबांना हॉटेलात वेगळ्या कपातून चहा मिळायचा त्यांच्या नातवंडांच्या घरात पण आहे. ह्या पेल्याचं काय करायचं हे ठरवायला बायबल स्टडी लागत नाही, तो पेला उचलून बाकीच्या कपांबरोबर ठेवायचा एवढंच.

मग रविवारचं. आपल्याला आठच्या उपासनेला जायचं असतं म्हणून आपण ताईंना साडेसहाला बोलावतो, म्हणजे आपण शब्बाथ पाळायचा आणि तो पाळता यावा म्हणून त्यांनी लवकर उठून काम करायचं. आज्ञा काय आहे ते बायबलमधल्या निर्गम ह्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात स्पष्ट आहे, तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, आणि तुझा दास आणि तुझी दासीसुद्धा, आणि अनुवाद नावाच्या पुस्तकात तर कारणही दिलंय की तुझ्यासारखाच त्यांनाही विसावा मिळावा. तुझ्यासारखाच. दानार्पणाची थैली फिरते तेव्हा आपण हात सैल सोडतो आणि महिनाअखेरीस खाडे मोजून पगार कापतो, तो पण पोरगा तापाने फणफणला म्हणून झालेल्या खाड्यांचा. बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोबाने लिहिलंय की कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडतेय आणि ते ओरडणं सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेलंय. अडकवलेली मजुरी ओरडते म्हणतो तो, मजूर गप्प असला तरी. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ ला कायदा झाला, कल्याण मंडळाची तरतूद झाली, नोंदणी करता येते, आणि किती ख्रिस्ती घरांनी आपल्या कामवाल्या ताईंना नोंदणीसाठी अर्धा दिवस सुट्टी दिली असेल, कागद जमवायला मदत केली असेल. आठवड्याची एक भरपगारी सुट्टी, आजारपणाचे दिवस न कापणं, दरवर्षी मागायच्या आधी पगारवाढ, ह्या गोष्टींना मी उपकार म्हणणार नाही, हा आपल्या विश्वासाचा हिशोब आहे आणि तो आपण देणं लागतो.

आता चर्चच्या आवारात. हार्वेस्टचा, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा दिवस मला फार आवडतो, मंडप पडलेला असतो, लोक परसातले भोपळे, कणसं, अंडी, कोंबड्या, घरी केलेले केक घेऊन येतात आणि लिलाव सुरू होतो. साधा नारळ हजारोंत जातो, टाळ्या पडतात, बोली लावणाऱ्याचं नाव माइकवरून दोनतीनदा पुकारतात. पैसा मंडळीच्या कामाला जातो, देणाऱ्याचं मनही मोठं असतं, त्यात मला वाईट काही दिसत नाही. पण जिने तो नारळ आणला, जी एसटीने तो भोपळा मांडीवर घेऊन आली, तिचं नाव कोणालाच माहीत नसतं. येशू मंदिरात दानपेटीसमोर बसला होता तेव्हा मोठी दानं टाकणारे बरेच होते, त्याने शिष्यांना बोलावून दाखवली ती दोन टोल्या, म्हणजे दोन अगदी क्षुल्लक नाणी टाकणारी विधवा. आपल्याकडे पंख्याच्या पात्यावर नाव, बाकावर नाव, पाण्याच्या कूलरवर नाव, वेदीवरच्या टेबलावर सुद्धा नाव. करोनात रेशनचे किट वाटले तेव्हा घेणाऱ्याचा चेहरा दिसेल असे फोटो काढून ग्रुपवर टाकले, त्या माणसाला विचारलं पण नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये हे वचन येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात आहे, आणि ते देणाऱ्याला सांगितलंय. घेणाऱ्याची लाज राखायची जबाबदारी देणाऱ्यावर आहे.

आणि हिशोब. माझ्या मते आज मराठी मंडळ्यांमध्ये नम्रतेची सगळ्यात कडक परीक्षा हिशोबाच्या वहीत आहे. आपली बरीच चर्चेस आणि संस्था सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या आहेत, १९५० चा कायदा आहे, दरवर्षी ऑडिट व्हायला पाहिजे, विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट जायला पाहिजे. हे जिथे वेळेवर होतं तिथली मंडळी शांत असते. जिथे होत नाही तिथे दोन गट पडतात, दोन कमिट्या होतात, जुन्या मिशनच्या जमिनीवरून कोर्टकचेऱ्या पिढ्यान् पिढ्या चालतात आणि नाताळची उपासना पोलीस बंदोबस्तात घ्यायची वेळ येते. हिशोब विचारणारा गर्विष्ठ आणि हिशोब न देणारा वडीलधारा, हे उलटं झालंय. ज्याच्या हातात पैसा आहे त्याने सगळ्यांसमोर उभं राहून, विचारायच्या आधी, पैसा कुठून आला कुठे गेला हे वाचून दाखवणं, चुकीचं असेल तिथे पोराटोरांनी बोट दाखवलं तर ऐकून घेणं, ह्याच्यात पाय धुण्याइतकीच नम्रता आहे. चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी वर्षातून एकदा, पवित्र गुरुवारी होतो. पोप फ्रान्सिस २०१३ ला निवडून आल्यावर पहिल्याच पवित्र गुरुवारी रोमच्या बालसुधारगृहात गेले आणि तिथल्या पोरापोरींचे पाय धुतले, त्यात एक मुस्लिम मुलगी होती, तेव्हा केवढा गहजब झाला, कारण त्या विधीच्या नियमात फक्त पुरुष होते, तो नियम पुढे २०१६ ला बदलला. वरच्या माणसाने खाली उतरायचं ठरवलं की नियम बदलावे लागतात, हे पण लक्षात घ्यायला हवं.

हे सगळं वाचून काहीजण नाराज होणार मला माहितेय. म्हणतील, बाहेर वातावरण काय आहे बघताय ना, प्रार्थनासभेत शिरून लोक गोंधळ घालतायत, धर्मांतराचे आरोप होतायत, अशा वेळी घरातलं बाहेर काढायचं का. भीती खरी आहे, मी ती नाकारत नाही, खेड्यातल्या पाळकाला ती आमच्यासारख्या शहरात राहणाऱ्यांपेक्षा जास्त भोगावी लागते. पण आरोप झाला की आपण काय करतो, तर यादी वाचून दाखवतो. नगरला मिशनरी मिस फरारबाईंची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती, मिरजेला डॉ. वॉनलेसनी दवाखाना काढला, केडगाव, जामखेड, सगळं. यादी खरी आहे. पण त्या लोकांनी जे केलं ते आपल्याला समाजात मान मिळावा म्हणून केलं नव्हतं, आणि त्यांच्या कामाचा दाखला आपण आपल्या खिशातून काढून दाखवतो तेव्हा समोरचा साधा प्रश्न विचारू शकतो की ते झालं, तुम्ही काय करता, तुमच्या शाळेत शिपायाला पगार किती, विनाअनुदानित तुकडीवरच्या बाईंची सही किती आकड्यावर आणि हातात किती. ह्या प्रश्नाला उत्तर असलं की यादीची गरज पडत नाही.

आणि नम्र म्हणजे घाबरून कोपऱ्यात बसलेला, हेही मला मान्य नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो डोळ्यासमोर आणा. हिरव्या वसईच्या आंदोलनात जमीन आणि पाणी वाचवायला ते रस्त्यावर उतरले तेव्हा समोर ताकदवान माणसं होती. उस्मानाबादला २०२० च्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा ते पाद्री आहेत म्हणून विरोध झाला, त्यांनी झगा लपवला नाही आणि कोणाला टोचूनही बोलले नाहीत, मराठीत भाषण केलं, संतांचं नाव घेतलं, जे बोलायचं ते स्पष्ट बोलले. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले तेव्हा वसईत निरोप द्यायला सगळ्या धर्माची माणसं आली. रमाबाईंच्या पत्रातलं आणि फादरांच्या वागण्यातलं साम्य मला हेच दिसतं की वरच्यापुढे स्पष्ट बोलायचं आणि खालच्याजवळ जाऊन बसायचं, आणि ह्या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला जमतात.

त्या सासरी मार खाणाऱ्या मुलीचं राहिलं. तिला सोसून घे म्हणणारे पाळक वाईट असतात असं नाही, त्यांना खरंच वाटतं की घर मोडू नये. पण नवऱ्याला बोलावून, समोर बसवून, पौलाच्या इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं ते वाक्य, की ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी पतीने पत्नीवर प्रीती करावी, हे त्याला किती जण वाचून दाखवतात. त्या अध्यायात नवऱ्याला सांगितलेलं बायकोला सांगितलेल्यापेक्षा जास्त आहे, ओळी मोजून बघा. आणि तेवढ्याने भागत नसेल तर कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, पाळकसाहेबांनी आणि महिला संघाच्या दोन बायकांनी तिच्याबरोबर त्या ऑफिसात जाऊन बसावं, दुपारभर, नंबर लागेपर्यंत. तिथे कोणी टाळ्या वाजवत नाही, माइक नसतो, बाकावर धूळ असते, आणि पुढच्या तारखेला परत यावं लागतं.

आमच्या मंडळीची वार्षिक सभा आता येईल. मी तिथे तीन ठराव मांडणार आहे आणि सही द्यायला अजून काहीजण तयार आहेत. वॉचमन आणि झाडलोट करणाऱ्या मावशींचा पगार दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत, किमान वेतनाच्या खाली नाही, आणि तो आधी झाल्याशिवाय डेकोरेशनवर एक रुपया खर्च करायचा नाही. ऑडिट झालेला हिशोब छापून सभेच्या आठ दिवस आधी प्रत्येक घरी. आणि हार्वेस्टला बोलीचा आकडा पुकारा, पण बोली लावणाऱ्याचं नाव नको, वस्तू कोणी आणली तिचं नाव वाचा. तिसऱ्या ठरावाला सगळ्यात जास्त विरोध होईल असं सेक्रेटरी आत्ताच म्हणतायत.